मेण लावलेली काडतुसं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, तेही धड सांगता यायचं नाही. ही एक केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

मी सिंगापूरच्या पोलीस खात्यात आयुष्य काढलं. वडील इथे गोदीत फोरमन होते. मालवणजवळच्या आमच्या गावी चौथीपर्यंत शिकून मी त्यांच्याकडे आलो. आईनं घरात मराठीशिवाय दुसरी भाषा चालू दिली नाही, पण खात्यात माझ्या मराठीला कुत्रं विचारत नव्हतं. कामाला आली ती या एकाच केसमध्ये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेकायदा शस्त्रांचा तपास करणाऱ्या पथकात मी इन्स्पेक्टर होतो. आमचा कायदा कडक. बंदूक किंवा गोळी नुसती जवळ सापडली तरी वर्षानुवर्षांचा तुरुंग आणि वर वेताचे फटके. गुन्हा करताना झाडली तर फाशी. परदेशी वर्तमानपत्रं आम्हाला रानटी म्हणायची. म्हणू देत. आमच्या आया-बहिणी रात्रीच्या बसनं एकट्या घरी यायच्या, ते कुणी छापलं नाही. या कायद्यामुळे काळ्या बाजारात गोळीचा भाव असा चढला होता की पिस्तूल मिळवणारा गुंडही गोळीसाठी दारोदार फिरायचा. बंदूक एकदा घेतली की बापाकडून मुलाकडे जाते. गोळी मात्र संपते, आणि ती संपली की माणसाला बाहेर पडावंच लागतं. म्हणून मी पोरांना सांगायचो, बंदुकीच्या मागे धावू नका, गोळीच्या वाटेवर बसा.

खबर आली ती बेडोक वस्तीतल्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतून. तिथे चहाचा गाळा चालवणारी एक मलाय बाई माझी जुनी ओळखीची. तोंडानं फटकळ, पण खोटी बातमी तिनं कधी दिली नाही.

"इन्स्पेक्टर, तुमच्यासारखाच एक इंडियन आहे, लाह," ती नेहमीच्या सिंगापुरी हेलात म्हणाली. "गोदीत दुरुस्तीला जहाज लागलंय ना, त्यावरचा इंजिनियर. सकाळी इथे बसला, चष्मा शोधायला कामाच्या हत्यारांची पिशवी उघडली आणि पांढराफटक पडला. मी कप उचलायला गेले तर आत गोळ्या. जाड, लांब, खाली पितळ. लगेच फडकं टाकलं त्यानं."

वर्णन बारा बोअरच्या, म्हणजे शिकारीच्या बंदुकीच्या काडतुसांचं होतं. शोध घेतला तेव्हा कळलं की जहाज सुक्या गोदीत असल्यानं कंपनीनं अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर खोल्या घेऊन दिल्या होत्या. हा जहाजाचा सेकंड इंजिनियर, बेडोकमधल्याच एका फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा. आम्ही रीतसर झडती घेतली. पलंगाखाली बॅगेत लाल फडक्यात गुंडाळलेली मूठभर काडतुसं निघाली. पासपोर्ट पाहिला. नाव मराठी, गाव कोकणातलं, माझ्या गावापासून फार लांब नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मनात आलंच.

"कुणाची?" मी इंग्रजीत विचारलं.

"माझीच," तो म्हणाला. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. आवाज स्थिर होता.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की आरोपी माझ्या मुलखातला आहे, हवं तर तपास दुसऱ्याकडे द्या. आमचे साहेब चिनी, शिस्तीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "ओळखता त्याला?" मी नाही म्हटलं. "मग भाषा येते हा फायदाच आहे. जबाब मात्र दुसरा अधिकारी नोंदवेल, दुभाषा बाहेरचा येईल." हे मला पटलं.

प्रयोगशाळेनं सांगितलं की काडतुसं कारखान्यातली नव्हेत. वापरलेल्या नळ्या पुन्हा भरलेल्या, आत बंदुकीची काळी दारू आणि छर्रे, तोंडाला पुठ्ठ्याची चकती आणि मेण. प्रत्येकाच्या पितळी बुडावर लाल खूण. साहेबांचं म्हणणं पडलं की ही मालाची खूण असणार; कुठेतरी हातानं काडतुसं भरणारा अड्डा आहे आणि माल जहाजांवरून येतोय. "आज शिकारीची आली, उद्या पिस्तुलाची येतील," ते म्हणाले. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

चौकशीत इंजिनियर एकच धोशा लावून बसला. एका बंदरात अनोळखी खलाशाकडून हौस म्हणून घेतली. कुठलं बंदर? पहिल्यांदा एक सांगितलं, दुपारी दुसरं, दुसऱ्या दिवशी तिसरं. मी मराठीत म्हटलं, "अहो, खोटं बोलायचं तर निदान एक तरी धड बोला! विकत घेतलेला माल म्हणजे तुम्ही पुरवठ्याच्या साखळीत आलात. वेतानं सालटी निघतील. कळतंय का?"

"होऊ दे साहेब. जी शिक्षा असेल ती द्या आणि संपवा."

तिथे मी अडखळलो. इतक्या वर्षांत माझ्यापुढे जो खोटं बोलला तो सुटण्यासाठी बोलला. हा बाबा अडकण्यासाठी बोलत होता. आणि चहावालीचं ते बोलणं, पांढराफटक पडला. स्वतः विकत घेतलेला माल स्वतःच्या पिशवीत बघून कोण दचकतं? चोराच्या मनात चांदणं असतं हे खरं, पण चोराला आपला माल कुठे ठेवलाय ते ठाऊक असतं.

याच सुमारास इथल्या मराठी मंडळींपैकी एका बड्या गृहस्थाचा घरी फोन आला. "आपला माणूस आहे हो, जरा सांभाळून घ्या. गेल्या वर्षी जहाज इथे होतं तेव्हा गणपतीत केवढं राबला." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आपला आणि परका बघून तपास करायचा तर मी वर्दी उतरवतो आणि तुमच्या आरतीला येतो. पुन्हा फोन करू नका." बायको म्हणाली, एवढं तोडून बोलायला नको होतं. मला अजूनही वाटतं, हवं होतं.

झडतीत आम्ही काडतुसं जप्त केली, पण त्याची कामाची हत्यारं तोवर जहाजाच्या स्टोअरमध्ये गेली होती, ती कुणी बघितलीच नव्हती. दुसऱ्या अधिकाऱ्याला बरोबर घेऊन मी गोदीत गेलो. स्टोअरकीपरनं कॅनव्हासची गुंडाळी काढून दिली. एकेक पाना मी उजेडात धरला. प्रत्येक पान्यावर, हातोडीच्या दांड्यावर, मायक्रोमीटरच्या डबीवर तीच लाल खूण. बोटानं लावलेली. काहींवर शेजारी पिवळी. गुंडाळीच्या घडीत तांदळाचे दाणे आणि आपट्याचं वाळकं पान.

"हे काय? ह्याही मालाच्या खुणा?" बरोबरच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"हळदकुंकू," मी म्हटलं. "आमच्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, इंजिनियरचे पाने. ज्याच्या घरी बंदूक असेल, त्याची बंदूक."

सगळं फोटोसकट नोंदवून घेतलं आणि चौकशीच्या खोलीत आलो. पान, खुणा, कशाचंच नाव काढलं नाही. समोर बसून नेहमीच्या आवाजात विचारलं, "दसऱ्याची पूजा कुणी मांडली होती?"

इंजिनियरनं वर बघितलं आणि तोंड ओंजळीत घेतलं. मोठा माणूस, पण हुंदके देऊन रडला. मी पाणी दिलं आणि थांबलो. रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये, तो काहीही कबूल करतो.

मग सगळं बाहेर आलं. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावी काजूची बाग. रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एक जुनी बंदूक. तिकडचा कायदा वेगळ्याच वाटेनं गेलेला. परवाना देतात, पण काडतुसं वर्षाला मोजकी. परदेशी माल बंद, देशी माल दुकानात येईल तेव्हा, आणि भाव असा की डुकरानं काजू खाल्लेले परवडले. म्हणून मास्तर रिकाम्या नळ्या जपून ठेवून घरीच भरायचे. गावात बरेच जण तेच करत. करत असले तरी बेकायदाच.

त्या वर्षी निवडणूक होती म्हणून मास्तरांची बंदूक ठाण्यात जमा होती. घरी भरलेली काडतुसं त्यांनी दाखवली नव्हती, दाखवणार कुठल्या तोंडानं? दसऱ्याला पाटावर ठेवायला बंदूक नाही, म्हणून त्यांनी काडतुसंच मांडली, मुलाच्या पान्यांशेजारी. दुसऱ्या दिवशी मुलाला मुंबईला जहाज गाठायचं. गडबडीत आईनं पाटावरचं सगळं लाल फडक्यासकट उचललं आणि पिशवीत भरलं.

"मग सापडल्या सापडल्या पोलिसांत का नाही आलात?"

"तिकडे कोकण किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांची शस्त्रं उतरल्यापासून काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही, साहेब. बेहिशेबी काडतुसं म्हटली की माणूस वर्षभर आतच. बाबा सत्तरीचे आहेत. दमा आहे."

"आणि समुद्रात का नाही टाकलीत?"

"टाकणार होतो. पण बाबांनी एकेक निगुतीनं भरलेलं... दोनदा धक्क्यावर गेलो आणि परत आलो."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. गाढवपणा म्हणजे केवढा! पण बापाच्या हातचं काही फेकताना माझा तरी हात उचलला असता का, कोण जाणे.

"साहेब, बाबांचं नाव लिहू नका," त्यानं हात जोडले.

"लिहिणार," मी म्हटलं. "अर्धं खरं लिहिलं तर कोर्ट ते खोटंच धरेल. तुम्हाला वाचवायचं तर खरं पूर्ण लिहावं लागेल. आणि उद्या दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे, दुभाष्यापुढे, हेच सांगायचं. मी खोलीत नसेन."

त्यानं सांगितलं. पण नुसत्या आरोपीच्या शब्दावर सरकारी वकील हलणार नव्हते. पुराव्यासाठी तिकडून दुजोरा हवा, आणि दुजोरा म्हणजे म्हाताऱ्याला अटक. साहेबांनी रीतसर विचारणा पाठवली. उत्तराला वेळ लागेल म्हणून परवानगी घेऊन मी स्वतः त्यांच्या तालुक्याच्या ठाण्यात फोन लावला. चौकशी करून कळवा, एवढंच म्हणणार होतो. सिंगापूरहून बोलतोय म्हणून मी नाव सांगायच्या आत पलीकडचे फौजदार ओरडले, "सिंगापूर का? अहो, मास्तर कधीचे येऊन बसलेत आमच्याकडे!"

जहाज कंपनीनं मुलाच्या अटकेची तार घरी केली होती. ती मिळाली त्याच दुपारी मास्तर उरलेली काडतुसं, मेण, छर्रे सगळं पिशवीत घालून ठाण्यात हजर झाले होते. 'मी भरली, मीच पूजली, मुलाला काही माहीत नाही, मला आत टाका आणि तिकडे कळवा,' असा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता.

"मग कळवलं का नाही?" माझा आवाज चढला.

"कुणाला कळवायचं, साहेब? वर पाठवलाय कागद, हुकूम येईपर्यंत मास्तरांना आतही घेता येईना. वर गेलेला कागद कधी खाली येतो का?"

म्हणजे इकडे मुलगा बापाचं नाव घेत नव्हता, आणि तिकडे बाप रोज एस.टी.नं ठाण्यात येऊन बाकावर बसत होता, सिंगापूरहून कुणी विचारतंय का बघायला.

मास्तरांचा जबाब आणि काडतुसांचे नमुने अधिकृत मार्गानं आले. मेण तेच, छर्रे तेच. सरकारी वकिलांनी मोठा आरोप मागे घेऊन सौम्य कलम लावलं. माल सापडल्यावर लपवला, तो गुन्हा होताच. त्याबद्दल थोडी कैद झाली, फटके टळले, मग मायदेशी रवानगी. मास्तरांचा परवाना रद्द झाला, खटला भरला गेला, वय बघून जामीन मिळाला. दोन्हीकडे कायद्याप्रमाणे झालं आणि ते मला मान्य आहे.

निकालाच्या दिवशी साहेबांच्या परवानगीनं त्याला घरी फोन लावून दिला. आमच्या ठाण्यातला फोन मोठ्यानं ऐकू येणारा. तो कसाबसा म्हणाला, "बाबा, कशाला गेलात तुम्ही?"

पलीकडून दम लागलेला पण करडा आवाज आला. "तू कशाला खोटं बोललास? एवढं शिकवलं ते ह्यासाठी?" मग खोकून म्हणाले, "जेवलास का?"

त्यानं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि म्हटलं, "जेवलाय, मास्तर."

मला अजूनही कुणी विचारतं, त्या केसनंतर तुमचं मत बदललं का? नाही. कायदा कडकच हवा. पण कायदा जितका कडक, तितका पोलिसानं तपास जास्त करायला हवा, हे मी त्या केसमध्ये शिकलो. आरोपी 'माझीच' म्हणाला होता, माल हातात होता, साहेबांचा तर्क बिनतोड होता. फाईल तिथेच बंद केली असती तर मला कुणी नावं ठेवली नसती. आणि बाकावरच्या त्या म्हाताऱ्याला एक दिवस निरोप मिळाला असता, की तुमच्या मुलाला फटके मारून झाले.