तेंदूची पाकळी

लढाईवर जाताना कारखान्यातल्या साहेबांनी आपलं लिहायचं टेबल बाबांकडे, म्हणजे त्यांच्या शिपायाकडे, ठेवायला दिलं. मी घरातला कॉलेजात जाणारा पहिला. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत त्याच टेबलावर अभ्यास करायचो. आई शेजारी विड्या वळायची. ते मात्र मी कॉलेजात कुणाला सांगत नसे.

साहेब परत येणार असं कळलं, तेव्हा टेबल चकचकीत दिसावं म्हणून मी ते भांड्यासारखं राखेनं घासून धुतलं. त्यावर जडवलेल्या लाकडी फुलाची एक काळी पाकळी निखळून राखेसोबत मोरीत वाहून गेली. बाबांची नोकरी जाणार, या भीतीनं मी रडत बसलो.

बाबांनी कारखान्यात तोफगोळ्यांच्या पेट्या बनवणाऱ्या एका मिस्त्रींना आणलं. त्यांनी फुलावर अंगठा फिरवला.

"काहून रडून राहिला, भैया? हे सिलोनचं आबनूस, काळं लाकूड. याचा सख्खा भाऊ तुझ्या आईच्या सुपात आहे."

सुपात विडीची पानं होती, तेंदूची.

"तेंदूच्या जुन्या झाडाचा गाभा असाच काळा निघते," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी तेंदूची पाकळी कानशीनं घासून आणली, सरस लावून बसवली आणि तो सुकेपर्यंत तळहातानं दाबून बसले. मजुरी घेतली नाही. आईनं दिलेल्या विड्यांतली एक कानावर खोचली नि गेले.

साहेबांनी टेबलावरून हात फिरवला, समाधानानं मान हलवली आणि ते घेऊन गेले. बाबांची नोकरी राहिली, माझं कॉलेजही. ते मिस्त्री मला पुन्हा दिसले नाहीत.

पुढे कॉलेजातल्या एका मित्रानं विचारलं, "तुझी आई काय करते?" मी सांगितलं, "विड्या वळते."