मेंढरं कोंडून ठेवली तर

"आपलीच मेंढरं कुंपण मोडून आणली, तर ती चोरी व्हती का, वकीलसाहेब?"

सिदूआबांनी इंदापूरच्या माझ्या ऑफिसात पाऊल टाकताच विचारलं. बाहेर त्यांचे दोन पुतणे काठ्या घेऊन उभे. उत्तर जपून द्यावं लागणार होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट.

आदल्या संध्याकाळी भिगवणच्या बाजूला आबांची मेंढरं महादूतात्यांच्या हरभऱ्यात शिरली. तात्यांनी ती धरून स्वतःच्या गोठ्यामागं कोंडली. कोकरं राहिली आबांच्या वाड्यावर, म्हणजे रानातल्या मुक्कामावर. रात्रभर दुधाविना. काही तर सकाळी उभीच राहीनात.

आमच्या भावकीतला पहिला ग्रॅज्युएट मी. वडिलांनी मेंढरं राखून मला लॉ कॉलेजला घातलं. हे मी कोर्टात अभिमानानं सांगतो. त्यामुळं आबांची घाई मला समजावून सांगावी लागली नाही.

आबांना म्हणालो, काठ्या इथंच ठेवा. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याला धरता येतं. ते जबरदस्तीनं सोडवून आणलं, तर केस तुमच्यावरच होते.

"म्हंजी कायदा त्याच्या बाजूला?"

"अर्धाच. उरलेला अर्धा त्याला सांगायला जाऊ."

मोटारसायकलवर आबांना मागं बसवून निघालो. तात्या ओट्यावरच होते. माझा काळा कोट बघून म्हणाले, "मेंढरांनीबी वकील लावला व्हय?"

मी हसून घेतलं आणि मुद्द्यावर आलो. धरलेलं जनावर घरी ठेवायचा हक्क कायदा देत नाही. लगेच पंचायतीच्या कोंडवाड्यात पोचवायचं. मालक तिथं दंड भरून सोडवून नेतो. घरी डांबून ठेवलं, तर मालकच तुमच्यावर तक्रार करू शकतो.

"दंड पंचायतीला. आन माझ्या हरभऱ्याचं काय?"

"त्याचा वेगळा दावा लावायचा, तात्या. पंचनामा, साक्षीदार, तारखा."

"कवापतुर?"

मी खरं ते सांगितलं. निकाल लागेतोवर हरभरा पुन्हा दोन-चारदा पेरून होईल.

तात्या उठून गोठ्यामागं गेले. आम्हीही गेलो. जमिनीवर लेंड्यांचा थर पडला होता. तात्या बराच वेळ खालीच बघत राहिले. मग पलीकडं उसाच्या लागणीसाठी मोकळं ठेवलेलं रान दाखवून म्हणाले, "आबा, त्या रानात आठवडाभर मेंढरं बसवा. हरभरा फिटला."

मेंढरं रात्री रानात बसवली की आयतं खत पडतं. त्याबद्दल शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आबांना ती तिथंही आठवली.

"आन आमचं दाणं?"

"दाणं कालच खाल्लं की तुमच्या मेंढरांनी."

आबांना हसू आवरलं नाही. तात्यांनी स्वतः कुंपणाचा झापा उघडला. मेंढ्या आबांच्याही पुढं वाड्याकडं पळाल्या. आम्ही पोचलो तेव्हा एकूण एक कोकरू आईला लुचत होतं. आडवी झालेलीही उठली होती.

तेव्हापासून पक्षकाराला मी आधी कायदा काय करू देत नाही, ते सांगतो. काय करता येईल, ते बहुतेकदा त्याचं त्यालाच सुचतं.