सायकॉलॉजी? पाहू!

घरात लग्न निघालं की किस्से आपोआप जमतात, असं म्हणतात. आमच्या पोरीने बारावीनंतर नुसतं 'सायकॉलॉजी घेईन' म्हटलं आणि उन्हाळाभर मी डोकं धरून बसले. त्यापेक्षा लग्न परवडलं असतं. लग्नात लोक निदान जेवून आपापल्या घरी जातात.

पोरगी म्हणजे मिताली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. रायपूरच्या पोरांचं असंच. तिने पहिल्यांदा विषय काढला तो वडिलांकडे, जेवणाच्या आधी. "पापा, मुझे बी.ए. करना है, सायकॉलॉजी में."

हे उरला या कारखान्यांच्या भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. बोलणं मोजकं. म्हणाले, "पाहू."

आता या 'पाहू'ची किंमत ऐका. एका उन्हाळ्यात कूलर घ्यायचा होता. हे 'पाहू' म्हणाले आणि कूलर आला तेव्हा अंगणात छत्र्या वाळत होत्या. पण यांच्या होकाराशिवाय आमच्याकडे पान हलत नाही.

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि हे चपला घालून अंगणात गेले. ही तीनेक वर्षांची सवय. कुकर चढला की हे बाहेर. विचारलं तर म्हणतात, "गरम होते." डिसेंबरातही यांना गरम होते! त्यामुळे विषय निघाला की कुकर वाजायचा आणि कुकर वाजला की विषय मिटायचा.

*

आमच्या विहारात दरवर्षी रविवारच्या वंदनेनंतर बारावी पास झालेल्या पोरांचा सत्कार असतो. गजभिये काका म्हणजे रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. ते माइकवर प्रत्येकाचं नाव घेतात आणि पोरगं पुढे काय होणार तेही जाहीर करतात. मितालीने त्यांना विषय नीट समजावून सांगितला होता. काकांनी माइक धरला, जरा थांबले आणि म्हणाले, "कुमारी मिताली मेश्राम. डॉक्टर होणार." टाळ्या पडल्या.

मी त्यांना बाहेर गाठलं. "काका, असं काहून सांगितलं?"

"आता तुह्या पोरीचं ते सायकॉलॉजी लोकायले समजावून सांगतो म्हटलं तर अर्धा तास जाते. तिकडं खीर थंडी होऊन राहिली होती."

पुढच्या रविवारी दोन बायका गुडघ्यांचे एक्सरे घेऊन विहाराच्या दारातच बसल्या होत्या. मितालीने बिचारीने एक एक्सरे उजेडात धरून पाहिलासुद्धा.

*

मी नोकरीला नवा रायपुरात, सरकारी ऑफिसात. स्टाफ बसने जाते. रस्ता रुंद, गाड्या कमी, बोलायला वेळच वेळ. एका सकाळी चुकून माझ्या तोंडून मितालीचा विषय निघाला. बस शहराबाहेर पडेपर्यंत बसमधल्या सगळ्यांचं ठरलं की बी.ए.नंतर बी.एड. करायचं. पुढे ठरलं की शिक्षिकेची नोकरी, तीही घराजवळ. ऑफिस दिसू लागलं तेव्हा माझी पोरगी लग्न करून बिलासपूरला राहत होती. उतरताना ड्रायव्हर हळूच म्हणाला, "दीदी, मेरा भी एक लड़का है."

*

आमच्या नणंदबाई समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसतात. तेवढ्यावर घरातला मेडिकल सल्ला त्यांच्याकडे. तावातावाने आल्या. "वहिनी, हे काय खूळ काढलं पोट्टीनं? दिवसभर लोकायचं रडगाणं आयकत बसन काय ते? अन् दादाले अजून टेन्शन काहून देता? मिलमधल्या अपघातात त्याच्या सोबतचे यादव भैया गेले तवापासून तो कसा मुका झाला, पाहता ना तुम्ही?"

मी म्हटलं, तुम्हीच समजवा तिला. त्या मितालीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. चहा झाला, चहा गार झाला, पुन्हा गरम केला. शेवटी बाहेर आल्या तेव्हा नाक लाल, पदर ओला. सासूचं सगळं सांगून झालं होतं. चहा पीत मला म्हणाल्या, "काही अर्थ नाही त्या सायकॉलॉजीत. अन् सोमवारी मिताली घरी आहे काय?"

*

खरं सांगायचं तर मितालीने हा विषय निवडण्यामागे गणितापासून पळ काढणं हेही एक कारण होतं. मग एक दिवस कॉलेजची चौकशी करून आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "मम्मी, इसमें भी स्टैटिस्टिक्स है." मला वाटलं, सुटलो. ती हातपाय धुऊन आली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "चलो, वो भी कर लेंगे." तेव्हा मला कळलं, पोरगी मागे हटणारी नाही. आणि यांचं आपलं तेच, "पाहू."

*

प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर आला. मी संतापले होते. आज काय ते बोलाच, असं म्हणायचं मनाशी ठरवलं आणि सवयीने डाळीचा कुकर चढवला. झालं! हे चपला घालून अंगणात. पण या वेळी मितालीही त्यांच्यामागे गेली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते.

पहिली शिट्टी झाली. मग यांचा आवाज आला. "तुह्या त्या शिक्षणात आवाजाचं काही असते काय?"

"कौन सी आवाज़, पापा?"

"हेच, शिट्टीचा. त्या दिवशी मिलमधी भोंगा वाजला ना, तवा मी यादवच्या बाजूलेच उभा होतो. आता घरात शिट्टी झाली की हात थरथरते माहे. तुह्या आईले नको सांगू."

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला.

मिताली बोलली, आणि मराठीत बोलली. "मले अजून मालूम नाही, पापा. शिकून सांगीन."

"मंग शिक," हे म्हणाले.

दुसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद केला. त्या दिवशी डाळ कच्चीच राहिली. तिघांनीही तीच वाढून घेतली.