पालथे खोके

झेरॉक्सच्या खोलीतल्या बाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. अकरा वर्षं एकाच मजल्यावर काढली, पण एकमेकांना पाण्यातच पाहत राहिलो. ऑफिसात त्यांना सगळे काजळीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. टोनरची भुकटी त्यांच्या नखांच्या कडांना अशी बसली होती की कुठल्याही साबणाने निघत नसे, आणि त्यांना त्याची लाजही नव्हती. तशाच हातांनी त्या कागद पुढे करायच्या, पण कागदावर मात्र एक डाग नसायचा.

मी स्टोअर सांभाळतो. टाचणीसुद्धा माझ्या सहीशिवाय हलत नाही. बाईंच्या लेखी त्या सहीला काडीची किंमत नव्हती. मशीनने ‘टोनर संपला’ असं दाखवलं, की मी नवी कार्ट्रिज घेऊन जायचो. बाई ती बाजूला ठेवून जुनी बाहेर काढायच्या, बाळाला जोजवावं तशी पाच-सहा वेळा आडवी हलवायच्या आणि परत आत सरकवायच्या. “झोपलीय, मेली नाही,” म्हणायच्या. मग त्याच कार्ट्रिजवर आणखी दोनशे पानं निघायची आणि मी नवी काखेत मारून परत यायचो. असा अपमान महिन्यातून दोनदा ठरलेला.

खरोखर रिकामी झालेली कार्ट्रिज कंपनी परत नेत असे. ती साफ करून, रोलर बदलून, नवी भुकटी भरून पुन्हा वापरात यायची. अट एकच होती, जुनी कार्ट्रिज नवी ज्या खोक्यात आली त्याच खोक्यात, त्याच काळ्या पिशवीत घालून द्यायची. त्यामुळे भरलेला खोका कुठला आणि रिकामा कुठला, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. बाईंनी त्यावर स्वतःचा नियम केला होता. सुलटा खोका भरलेला, पालथा खोका रिकामा. ना चिठ्ठी, ना नोंद. गाडीवरचे हमालही तेवढंच बघायचे आणि पालथे तेवढे उचलायचे.

हे पालथं घालायचं खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. आमच्यात सरळ झालेलं बोलणं तेवढं एकच. त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मजकूर जुळवताना एखादं अक्षर कमी पडलं, तर त्या जागी दुसराच खिळा पालथा घालायचा. छापल्यावर तिथे काळा ठिपका उठतो आणि इथे काहीतरी नाही, हे आंधळ्यालाही दिसतं. बाई लहानपणापासून ते बघत आल्या होत्या. आता त्या वडिलांनाच दिसत नव्हतं आणि हातही थरथरत होते. म्हणून रोज साडेबाराला बाई दहा मिनिटांवरच्या घरी जायच्या, त्यांना भरवायच्या आणि सव्वाला परत यायच्या. लग्न केलं नव्हतं, घरात तिसरं कुणी नव्हतं.

मग ती मीटिंग झाली. माझ्याकडून चुकीच्या मापाच्या वीस कार्ट्रिज मागवल्या गेल्या होत्या. साहेबांनी विचारलं, बाईंनी आधी सांगितलं नव्हतं का? बाई म्हणाल्या, “तीनदा सांगितलं. स्टोअरवाल्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” सगळे हसले, साहेबही हसले. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव घडा पडलं. कँटीनमधला पोऱ्यासुद्धा “घड्यांचा चहा” म्हणून कप आपटू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तीन आठवड्यांनी जुन्या कार्ट्रिज न्यायला गाडी आली, ती नेमकी पाऊण वाजता. बाई घरी गेल्या होत्या. एका सुनावणीचं मोठं काम यायचं होतं, म्हणून स्टोअरमधल्या चालणाऱ्या सगळ्या नव्या कार्ट्रिज आधीच त्यांच्या खोलीत दिल्या होत्या. भिंतीशी आठ खोके सुलटे होते आणि पाच पालथे. मी आठही पालथे केले. नीटनेटकेपणासाठी वगैरे नाही, मुद्दाम केले. हमालाने दोन उचलून पाहिले आणि जड लागतायत म्हणाला. मी म्हटलं, बाईंचं बाईंना ठाऊक, तुम्ही न्या.

दोन दिवसांनी त्या सुनावणीचे कागद काढायचे होते, नऊशे पानांचे चाळीस संच. दुपारी मशीन थांबलं. बाईंनी हलवून हलवून जेवढं काढता आलं तेवढं काढलं, पण या वेळी कार्ट्रिज खरंच मेली होती. खोलीत नवी एकही नव्हती, स्टोअरातही मशीनला बसेल अशी एकही नव्हती. तिकडे कंपनीत आमच्या भरलेल्या कार्ट्रिज फोडूनही झाल्या होत्या. सुनावणी पुढे गेली, साहेबांचं नाक कापलं गेलं.

साहेबांनी दोघांनाही बोलावलं. अकरा वर्षं ज्या नियमाचं कौतुक होतं, तो त्या दिवशी गुन्हा ठरला. पालथं-सुलटं ही काय पद्धत झाली, असं साहेब ओरडले. बाई एवढंच म्हणत राहिल्या की मी सुलटे ठेवले होते. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही त्या दिवशी खोलीत गेला होतात का? मी नाही म्हटलं. तेवढ्यावर गप्प बसायचं होतं, पण जीभ घसरली. म्हटलं, “हमालालासुद्धा खोके जड लागत होते, साहेब.”

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “खोलीत गेलाच नव्हतात, तर हमालाला काय लागलं ते तुम्हाला कसं कळलं?”

साहेबांनी हात वर केला. आपली चूक दुसऱ्यावर ढकलू नका, म्हणाले. बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात झाली. जायला दीड तास, यायला दीड तास. बाईंनी विचारलं, “दुपारी वडिलांना कोण भरवेल?” साहेब म्हणाले, हा ऑफिसचा प्रश्न नाही. खरं सांगायचं, तर त्या क्षणी मला बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी मशीन आतून-बाहेरून पुसलं, नंतर आलेले पाच-सहा खोके लावले आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे येतील, चार शिव्या देतील, म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. त्या आल्या तेव्हा मी नेमका साहेबांकडे सहीला गेलो होतो.

परत आलो, तर टेबलावर माझा चहाचा कप पालथा घातलेला होता. त्याच्या पांढऱ्या बुडावर दोन काळी बोटं उमटली होती. शेजारच्या टेबलांवरची माणसं माना खाली घालून काम करत होती. कुणी हसलं नाही. पालथ्याचा अर्थ त्या ऑफिसात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.