शेजारीण कोणाला मत देते?

"ताई, भाऊलेच देतो ना आमी. काऊन नाई देनार?" अल्लीपूरच्या कुसुमबाई बसायला सतरंजी टाकत म्हणाल्या.

आधीच्या घरातही हेच उत्तर, त्याआधीच्याही. भाऊ म्हणजे तिथले आमदार. सर्व्हे त्यांनीच मला दिलेला. मला आनंद व्हायला हवा होता. झाली काळजी.

निवडणुकीचे सर्व्हे हा माझा धंदा, ऑफिस नालवाडीत. आमच्यात 'स्विंग' म्हणून एक शब्द आहे. मागच्या वेळी एका पक्षाला दिलेलं मत या वेळी दुसऱ्याकडे सरकलं, की तो स्विंग. आमच्याकडे मोठे पक्ष दोनच, त्यामुळे इकडून निसटलेला माणूस तिकडेच सापडतो. अल्लीपुरात मात्र कोणी जागचं हललेलं दिसेना. एवढी एकी गावात लग्नातल्या जेवणाबद्दलही नसते.

मग मी प्रश्न बदलला. माणूस स्वतःचं मत सांगताना जपून बोलतो, शेजाऱ्याचं सांगताना नाही.

"बरं, तुमची शेजारीण कोणाला देईल?"

कुसुमबाई एकदम मोकळ्या झाल्या. "ते? ते काई देत नाई भाऊले. पांदन रस्त्याचा नारळ फोडून गेले, अन् वावरात जायले रस्ता अजून नाईच. पावसात बैलबंडी फसते तिची."

"तिचीच?"

"आता आमचं वावर तिच्या धुऱ्याले लागूनच हाये, तं आमची बी फसते."

शेजारणीकडे गेले. ती स्वतः भाऊंचीच. "पन कुसुमचं काई खरं नाई बापा. लय चिडून हाये ते."

गावभर असंच. प्रत्येकजण निष्ठावंत, फितूर फक्त शेजारी.

रिपोर्ट घेऊन भाऊंकडे गेले. त्यांनी चाळला आणि बाजूला ठेवला.

"ताई, माह्या सभेले पाय ठेवाले जागा नव्हती."

"भाऊ, समोरच्या पक्षाच्या सभेलाही तीच माणसं होती."

"म्हंजे मी पडतो?"

"रस्ता झाला नाही तर पडाल. अजून वेळ आहे. गावात जाऊन बोला."

त्यांचे पीए मला बाहेर घेऊन आले. "मॅडम, 'विजय निश्चित, थोडी मेहनत हवी' असं लिहा ना. भाऊंचा बीपी वाढते."

मी लिहिलं नाही. पुढचं काम दुसऱ्या एजन्सीला गेलं. त्यांनी सरळ प्रश्न विचारले, सरळ उत्तरं आणली. भाऊ खूश झाले. रस्ता तसाच राहिला.

निकालाच्या दिवशी भाऊ पडले. सीट समोरच्या पक्षाकडे गेली. अल्लीपुरातच ते सगळ्यात मागे होते.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "ताई, या लोकाईच्या घरी जेवलो मी. तोंडावर सांगाचं होतं ना."

"भाऊ, तुम्ही विचारलं काय होतं?"

"इचारलं ना! 'आपनच निवडून येऊन राह्यलो ना?' मनून."

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. माणूस मनाने बरा होता.

आपल्याकडे दारात आलेल्याला कोणी 'नाही' म्हणत नाही. मतदान गुप्त ठेवलंय ते बहुतेक त्यासाठीच.