इंग्रजीच्या बाईंची सही

"वाक्य पुरं करा."

इंग्रजीच्या बाई हे कुणालाही म्हणत. वर्गातल्या मुलाने "बाई, पाणी..." म्हणत बोट वर केलं, तर "मला पाणी प्यायला जायचं आहे" असं पुरतं म्हटल्याशिवाय त्याला दार ओलांडता येत नसे. तेच एस.टी.च्या कंडक्टरला, तेच भाजीवालीला. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, पण तुमच्या शाळेत जरा..." आणि हाताने हवेत काहीतरी पुसलं. आम्ही सगळे माना डोलावत होतो. बाई म्हणाल्या, "वाक्य पुरं करा, साहेब. जरा काय?" साहेबांना ते पुरं करता आलं नाही. चहा पिऊन ते निघून गेले.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. अर्धवट बोलून वेळ मारून नेणाऱ्यांमध्ये ती फार गैरसोयीची होतात.

दिग्रसच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. "चला मराठी, घंटा झाली," म्हणत आणि खडूची पेटी उचलत. त्यांचे वडील गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मिस्त्री होते. त्यांना सगळं गाव चाचा म्हणे. घरात बाईच थोरल्या. आई लवकर गेलेली, धाकट्या बहिणी लग्न होऊन पुसदला आणि नेरला. चाचांनी या मुलीला नागपूरला ठेवून शिकवलं, तेव्हा जमातीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बाई शाळेत शुद्ध, घासलेलं मराठी बोलत. पण राग आला की त्यांची भाषा शाळेतून उठून थेट जिनिंगच्या फाटकात जायची.

आणि राग त्यांना वारंवार यायचा. आधी आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. मधूनमधून इंग्रजी कसं आणि कुठून शिकवायचं याचे नवे हुकूम येत. बाई हुकूम वाचत, त्याची घडी घालत आणि मागच्या वर्षीसारखंच शिकवत. वर्गात पुस्तकं मोजकीच असत. मग त्या मुलांना बाहेर रस्त्यावर नेत. हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली असे. मुलांनी जे दिसेल ते इंग्रजीत सांगायचं. एका मुलाला 'कारण' हा शब्द वापरून वाक्य करायला सांगितलं, तर त्याने केलं, 'बैल दमला आहे, कारण मालकाने गाडीत फार कापूस भरला आहे.' बाईंनी त्याची पाठ थोपटली. जिनिंगचे मालक हेच आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ते वाक्य संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेलं होतं.

जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा खुर्ची बाईंची होती. नोकरीने त्या सर्वांत जुन्या होत्या, पदवी आणि शिक्षणशास्त्राची परीक्षा दोन्ही झालेल्या. अध्यक्षांनी आपल्या जावयाला बसवलं. जावईबापू त्याआधी अमरावतीला काय करत होते हे कुणाला नीट सांगता येत नसे. शाळेत बाईंना जागा नाकारली याचं मला नवल वाटलं नाही. संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. आठवड्याभरातच जावईबापूंनी बाईंना बोलावून घेतलं. गॅदरिंगला मोठे पाहुणे येणार होते आणि जावईबापूंना त्यांच्यासमोर इंग्रजीत भाषण करायचं होतं.

"तुम्ही लिहून द्या," ते म्हणाले. "तुमच्या हातचा मळ तो."

बाई खोलीत परत आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मराठी," त्या म्हणाल्या, "खुर्ची त्याची अन् तोंड माहं? कायले?"

भाषण त्यांनी लिहिलं नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रातल्या दोन जाहिराती पाहून त्यांनी दोन अर्ज केले. दोन्ही परदेशात इंग्रजी शिकवण्याचे. एक इथिओपियाच्या सरकारी शाळेसाठी. तिथे त्या काळात हिंदुस्थानातले पुष्कळ शिक्षक जात असत. दुसरा आखातातल्या एका मुलींच्या शाळेसाठी. मुलाखतींना मुंबईला जाऊन आल्या. मी विचारलं, काय विचारलं त्यांनी?

"इथिओपियावाल्यांनी विचारलं, वर्गात मुलं खूप आणि पुस्तकं कमी असली तर कसं शिकवाल? म्हटलं, तसंच शिकवते. दुसरं मला ठाऊकच नाही."

"आणि आखातवाल्यांनी?"

"त्यांनी विचारलं, शिवण येतं का."

दोन्हीकडून बोलावणं आलं. मग काय विचारता. दिग्रससारख्या गावात परदेशाची नोकरी म्हणजे सगळ्यांची मालमत्ता. जो तो बाईंच्या वतीने निवड करू लागला. पोस्टमास्तर आखाताच्या बाजूचे होते, कारण तिथला पगार जवळजवळ दुप्पट. गणिताचे सर इथिओपियाच्या बाजूचे, कारण तिथली हवा थंड असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पुसदहून बाईंचे मामू आले. ते ओसरीवर बसून चाचांना समजावत होते, मी त्या दिवशी बाईंच्या घरी होते, चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ऐकलं.

"वहां अपने लोग हैं, अपना मजहब है. लडकी जात आहे भाईसाब, हबशांच्या मुलखात एकटी पाठवाल? आखातात जाऊ द्या. माझा धाकटा सोबत जाईल. त्याचंही काम होऊन जाईल."

चाचा बिडी विझवत म्हणाले, "मले कायले इचारता? तिले इचारा. ते आत बसून हाय."

मामूंनी आत पाहिलं, बाई भांडी घासत होत्या. मामूंनी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मीसुद्धा आखाताच्याच बाजूने होते. शाळेतून परतताना म्हटलं, "तिथे मुलींची शाळा आहे, सोय चांगली, पैसे चांगले. चार वर्षांत चाचांना घर बांधून द्याल."

बाई रस्त्यात थांबल्या. "आखातात मी कोण? धाकट्या वर्गांची सहायक शिक्षिका, वर शिवण. माझ्या वरची जी बाई आहे ती माझ्यापेक्षा लहान. इथिओपियाच्या पत्रात लिहिलंय, इंग्रजी विभाग तुमच्याकडे राहील. माझ्याकडे राहील, मराठी. समजलं? पैसे दुप्पट घेऊन मी पुन्हा दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहू? मग दिग्रस काय वाईट होतं?"

त्या इतक्या भरभर चालू लागल्या की मला मागून पळावं लागलं.

त्यांनी इथिओपियाला होकार कळवला. आता शाळेने मोकळं केल्याचं पत्र आणि अनुभवाचा दाखला द्यायचा, एवढंच राहिलं होतं. आणि तिथेच संस्थेने खोडा घातला. मॅट्रिकचा निकाल कुणाच्या जोरावर लागतो हे जावयालाही ठाऊक होतं आणि सासऱ्यालाही. आधी दाखला आज-उद्यावर गेला. मग अध्यक्षांनी बाईंना पर्यवेक्षक करायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, "कशाचं पर्यवेक्षण? जावईबापूंचं?" मग कार्यकारी मंडळाची बैठक बसली आणि ठराव झाला की अविवाहित शिक्षिकेला परदेशी जाण्यासाठी मोकळं करायचं तर तिच्या वडिलांची लेखी संमती पाहिजे.

पस्तिशीला टेकलेली बाई. शेकडो मुलं तिच्या हाताखालून गेलेली. त्यांतली काही वकील झाली होती, एक मुलगा तहसील कचेरीत मोठ्या जागेवर होता. आणि तिने पाचवीतल्या पोरीसारखी बापाची चिठ्ठी आणायची. अध्यक्ष त्यांना समोर बसवून म्हणाले, "तुमच्या लोकांत बायकांना असं एकटं पाठवत नाहीत. उद्या काही झालं तर नाव शाळेचं जाईल. आम्ही तुमच्याच भल्यासाठी म्हणतो."

"माह्या लोकांत काय करतात ते मले सांगू नका," बाई म्हणाल्या, आणि उठून आल्या. हे मला शिपायाने सांगितलं. त्या दिवशी बाईंनी पाचही तास घेतले. मुलांनी अर्धी वाक्यं टाकली तरी त्या पुढे शिकवत राहिल्या. ते पाहणं फार वाईट होतं.

सोपं होतं, चाचांनी सही करायची आणि विषय मिटवायचा. मी तेच सांगायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चाचा अंगणात हातपाय धूत होते.

"सही नाही करत मी," ते म्हणाले.

"पण चाचा, मुदत निघून जाईल."

"जाऊ द्या."

आत बाई उभ्या होत्या. त्या बापाला करा म्हणाल्या नाहीत, करू नका म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चाचा शाळेत आले. जिनिंगमधून तसेच उठून, तेलकट कपड्यांत. अध्यक्ष ऑफिसात बसले होते, जावई शेजारी. आम्ही तीन-चार शिक्षक काही ना काही निमित्त काढून दारापाशी. अध्यक्षांना वाटलं मिस्त्री सही करायला आला. त्यांनी कागद पुढे सरकवला, टाक दौतीत बुडवून दिला.

चाचा उभेच राहिले. ज्यांच्या जिनिंगात ते तरुणपणापासून खपले त्या मालकासमोर ते आजवर बसले नव्हते, त्या दिवशीही बसले नाहीत. म्हणाले, "मालक, एक गोष्ट इचारतो. पगार देता तिले, तं सही कोनाची घेता?"

"तिची," अध्यक्ष म्हणाले.

"माही घेतली का कधी?"

"तुमची कशाला घेऊ?"

"मंग जायची सही माही काहून पायजे? पगार तिच्या सहीनं देता तं रजाबी तिच्याच सहीनं द्या. तिचा बाप म्हनून मी तिले हो म्हनलं, ते घरात म्हनलं. तुमच्या कागदावर म्हनत नाही."

टाक टेबलावर ठेवून ते निघाले. दारात आम्ही बाजूला झालो. गणिताचे सर, जे कधी कुणाच्या अध्यात-मध्यात नसत, ते आत गेले आणि म्हणाले, "ठराव मागे घ्या साहेब. नाहीतर आम्हीही आमच्या बापांच्या चिठ्ठ्या आणतो. माझे तर वारले आहेत, मी काय करू?" मग मी गेले, मग चित्रकलेचे सर. जावईबापू घामाघूम झाले. आठवडा सरायच्या आत बाईंच्या हातात दोन्ही कागद पडले.

जाण्याच्या दिवशी स्टँडवर अध्यक्ष आले. सोबत हार आणि फोटोवाला. आपल्या शाळेची शिक्षिका परदेशी निघाली, हे छापून आणायचं होतं. त्यांनी हार वर केला. बाईंनी तो हातातच घेतला, गळ्यात घालू दिला नाही. "मला निरोप द्यायला आलात," त्या शांतपणे म्हणाल्या, "की मी खरंच जाते का ते बघायला?" आणि हार तिथल्या टपरीच्या फळीवर ठेवून बसमध्ये चढल्या. मी यवतमाळपर्यंत सोबत होते. सगळ्या वाटेत त्या एवढंच बोलल्या, "अकरावीला कर्मणी प्रयोग अर्धा राहिलाय. कुणीतरी पुरा करून द्या."

कुणी दिला नाही. त्या वर्षी निकाल कोसळला. अध्यक्षांनी सभेत सांगितलं की बाईंनी ऐनवेळी शाळा वाऱ्यावर सोडली. टाळ्याही पडल्या.

आणि पुढच्या हंगामात जिनिंग सुरू झालं तेव्हा चाचांना फाटकावरच सांगण्यात आलं, मिस्त्री, आता आराम करा. दुसरं काही कारण दिलं नाही. गाव गप्प बसलं. त्यात बाईंनी शिकवलेले वकीलही होते आणि तहसीलमधला तो मुलगाही.

चाचा धाकट्या मुलीकडे नेरला गेले. माझं माहेर नेरचंच. दिवाळीत गेले तेव्हा बाजाराच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये ते पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत बसलेले दिसले. मी म्हटलं, बाईंना कळवलं का, काम गेल्याचं?

"नाही. तुमीबी नोका लिहू," ते म्हणाले. "तिले समजलं तं रागात वापस येईन ते. पहिल्या बोटीनं येईन."

मग हात कापडाला पुसून त्यांनी डब्यातून एक फोटो काढला. बाईंनी तिकडून पाठवलेला. डोंगराच्या उतारावर एक दगडी शाळा, तिच्यापुढे उंच, सडपातळ मुलं रांगेत उभी आणि मधोमध खुर्चीवर बाई. भुवया आक्रसलेल्या, हनुवटी वर, फोटोवाल्याला आता रागावतील अशा.

मला हसू आलं. "तिथंही चिडलेल्याच आहेत," मी म्हटलं.

चाचांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे धरला.

"नाही," ते म्हणाले. "हे खुशीतलं तोंड हाय तिचं. तुमाले नाही समजनार. तुमी पायलंच कुठी?"