पट्टा बांधलेला असताना

काचबिंदूने मामंजींची नजर पुरती गेली तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. पुलगावच्या बाजारात आमचं धान्याचं दुकान. ते आता माझे यजमान बघायचे, पण मामंजींना रोज सकाळी गादीवर जाऊन बसायचंच असे. पोचवणार कोण? यजमान पहाटेच माल उतरवायला जात, सासूबाई हयात नव्हत्या, आणि सुनेने सासऱ्याचा हात धरून बाजारातून चालायचं हे आमच्याकडे कोणाला सुचलंही नसतं. मला सुचलं होतं. बोलायची छाती झाली नाही.

शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक काका राहत. नोकरीत त्यांनी कुत्री शिकवली होती. त्यांनी गल्लीतलंच एक पिवळं, उभ्या कानांचं पिल्लू धरलं आणि वर्षभर त्याच्या मागे लागून त्याला तयार केलं. छातीभोवती चामड्याचा पट्टा, पट्ट्याला वर एक ताठ मूठ. मूठ मामंजींच्या हातात. पुढे खड्डा असला, गाडी येत असली, की कुत्रं आडवं उभं राही. मग मामंजींनी पाऊल टाकायचं नाही. काकांनी आम्हा सगळ्यांना बजावलं, "पट्टा बांधला का तो ड्युटीवर. त्याले हात लावाचा नाई, खायाले द्याचं नाई. संध्याकाळी पट्टा काढला का मंग पोटभर द्या."

पहिल्या दिवशी दुकानातून परतल्यावर मामंजी येईल त्याला सांगत होते, "मी एकटाच गेलतो." कुत्र्याचं नावही काढत नव्हते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

पण आमच्या घरी पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची. माझी शेवटची भाकर तव्यावरून उतरेपर्यंत ही जोडी निघून गेलेली असे. कामाला जाणारा जीव उपाशी जातो हे माझ्या मनाला पटेना. काकांचा नियम फौजेत ठीक, घरात कशाला? मी मागच्या दाराने निघून, बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने आवळून, वळणावरच्या हापशीपाशी त्यांना गाठायची आणि तुकडा कुत्र्याच्या तोंडात द्यायची. काही दिवसांत ते तिथे आपणहून थांबायला लागलं. मामंजी मूठ हलवून म्हणत, "काय हुंगते बे रोज रोज? चाल." मला आपल्या हुशारीचं भारी कौतुक वाटायचं.

दोन वर्षं हे असंच चाललं. एके दिवशी दूध उतू गेलं आणि मला उशीर झाला. मागच्या दारात आले तर हापशीजवळ नळाच्या पाइपासाठी नाली खणलेली, आणि कुत्रं मामंजींच्या पुढ्यात आडवं. "रोजचंच हाय तुहं," मामंजी म्हणाले. त्यांनी काठी उचलून त्याच्या पाठीत घातली. तोवर कधी मारलं नव्हतं. कुत्रं हललं नाही. मामंजींनी मूठ सोडली आणि त्याला वळसा घालून पुढे पाऊल टाकलं. मी ओरडले तेव्हा ते नालीत पडलेले होते. भाकर माझ्या हातातच होती.

खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्यांचं चालणं असं झालंच नाही. सगळ्यांनी कुत्र्यालाच बोल लावला. काकांना ते खरं वाटेना. "पट्ट्यात असताना कोणी खाऊ घातलं काय?" त्यांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. काका कुत्र्याला वडनेरच्या आपल्या शेतावर घेऊन गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी खाटेवरून सांगत, "कुत्र्यानं दगा देल्ला." वर्षभर मी ते ऐकलं. शेवटी एका दुपारी मला राहवेना. खाटेजवळ खाली बसून सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, निदान ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते चादर चाचपत राहिले.

"म्हंजे तो खरंच थांबवून राह्यला होता मले," ते म्हणाले. "अन् मी त्याले मारलं, बाई."

मग म्हणाले, "बलाव त्याले. माह्या हातानं भाकर देतो."

काकांनी त्याला जीपमधून आणलं. आता ते अंगाने भरलं होतं. मूठ एकदा धरायची म्हणून मामंजींनी हट्टाने पट्टा बांधायला लावला. कुत्रं गुमान खाटेला लागून उभं राहिलं. डाव्या हातात मूठ आणि उजव्या हातात तूप लावलेली भाकर घेऊन मामंजींनी ती पुढे केली. कुत्र्याने तोंड फिरवलं. काकांनी शेतावर त्याला तो नियम पुन्हा पक्का शिकवला होता. ते बक्कल काढायला वाकले, पण मामंजी मूठ सोडायला तयार नव्हते. भाकर त्यांनी तशीच पुढे धरली होती.

मी त्यांच्या बोटांतून भाकर हळूच ओढून घेतली, कुत्रं ओढतं तशी.

"खाल्ली काय त्यानं?" मामंजींनी विचारलं.

"खाल्ली, मामंजी," मी म्हटलं. बांगड्या मी दुसऱ्या हाताने आवळून धरल्या होत्या.